परीक्षा करा, आणि मग जेवायला बसा

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या, आदल्या दिवशी एक वाक्य हमखास कानावर येतं, "मी उद्या घेणार नाही, माझं मन साफ नाहीये." कोणी फोनवर सांगतं, कोणी मेसेज करतं, आणि बरेच जण तर काहीच न बोलता भाकर समोर आली की मान खाली घालून शेजारच्याकडे देतात. ही माणसं वरवरची नसतात. उलट मनात देवाची भीती आहे म्हणूनच ती मागे राहतात, आणि ज्यांना कशाचंच काही वाटत नाही ते घेतात आणि दुपारपर्यंत विसरूनही जातात. म्हणून हा विषय मला फार जवळचा वाटतो. सध्या मी लेवीय 23 पासून सुरुवात करून बायबलमधले सण एकेक करून वाचतेय, त्यावर प्रार्थना करतेय, आणि मला जे दिसलं ते असं की देवाने सण आणि आत्मपरीक्षण कधी वेगळे ठेवलेलेच नाहीत, तो माणसाला स्वतःच्या आत बघायला लावतो तेव्हा बहुतेक वेळा पुढे पान वाढलेलं असतं.

आधी करिंथच्या मंडळीला पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचंच बघू, कारण भीती तिथूनच येते. 1 करिंथ 11:28 आपल्याला जवळजवळ पाठ आहे, माणसाने आपली परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं आणि प्याल्यातून प्यावं. पण आपण अर्ध्यावरच थांबतो. परीक्षा केली, नापास झालो, उठून गेलो. पौल असं कुठेच म्हणत नाही की परीक्षा करा आणि घरी जा. ज्याला तो परीक्षा करायला सांगतोय त्यालाच तो पुढच्या श्वासात खायला सांगतोय.

मग तो एवढा चिडलाय कशावर? वरची वचनं वाचा ना, 20 ते 22. करिंथमध्ये लोक एकत्र जमायचे आणि प्रत्येक जण आपापलं जेवण आधीच उरकून घ्यायचा, एक जण उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही अशा भावाबहिणींना सगळ्यांसमोर खाली बघायला लागायचं, आणि हे सगळं प्रभूच्या नावाने. वचन 30 मध्ये अशक्त झालेल्यांचा, आजारी पडलेल्यांचा, मरण पावलेल्यांचासुद्धा उल्लेख आहे आणि ते वचन मला अजिबात सौम्य करायचं नाहीये, ते कडक आहे आणि कडकच राहू दे. पण तो इशारा ज्या प्रकाराला दिलाय तो प्रकार म्हणजे भावाला उपाशी ठेवून प्रभूचं नाव घेणं. ज्याला आपल्या पापाचं दुःख होतंय आणि जो रडतोय त्याला उद्देशून ते लिहिलेलं नाही. आणि सगळं झापून झाल्यावर पौल शेवटी सांगतो काय, तर वचन 33, जेवायला जमता तेव्हा एकमेकांसाठी थांबा. एवढ्या मोठ्या दटावणीचा शेवट इतका साधा आहे. त्यामुळे मला वाटतं प्रभुभोजनाआधी परीक्षा करताना नुसतं आपल्या मनातल्या विचारांची लिस्ट काढून भागत नाही, आपल्या बाकावर आणि मागच्या बाकावर कोण बसलंय हेही बघायला लागतं, आपल्यामुळे कोणाला मान खाली घालायला लागली का, हे विचारायला लागतं.

आता लेवीय 23 मधला सातवा महिना घ्या. 1 तारखेला कर्णे वाजतात. 10 तारखेला प्रायश्चित्ताचा दिवस. 15 तारखेपासून मांडवांचा सण, सात दिवस आणि वर आठवा दिवस. 10 तारखेला सगळ्या लोकांनी जिवाला दंडन करायचं, कसलंही काम करायचं नाही. मोशेच्या नियमशास्त्रात सगळ्या लोकांना दरवर्षी सक्तीने सांगितलेला उपासाचा दिवस हा एवढाच. आणि त्यालाही देवाने वेळ ठरवून दिलीय, नवव्या दिवसाच्या संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत. संध्याकाळ झाली की संपलं. 11 तारखेला पण तोंड पाडून बसा असा हुकूम नाहीये. मधे चार दिवस, आणि मग खजुरीच्या झावळ्या, दाट पानांच्या फांद्या आणा, मांडव घाला आणि सात दिवस परमेश्वरापुढे आनंद करा. हो, आनंदाचा पण हुकूमच आहे. आणि अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात त्या आनंदात कोण कोण पाहिजे त्यांची नावंच घेतलीयेत, मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी (उपासनेची सेवा करणारं कुळ), परका, अनाथ, विधवा. कोणाला बाहेर ठेवून केलेला आनंद देवाला चालत नव्हता, आणि पौलाने करिंथकरांना दुसरं वेगळं काही सांगितलं नाही.

प्रायश्चित्ताच्या दिवसाचं वर्णन लेवीय 16 मध्ये आहे, ते सावकाश वाचण्यासारखं आहे. मुख्य याजक आपली भारी वस्त्रं बाजूला ठेवतो आणि साधी तागाची वस्त्रं घालतो. लोकांच्या पापाकडे जाण्याआधी त्याला स्वतःसाठी आणि स्वतःच्या घराण्यासाठी गोऱ्हा अर्पावा लागतो, म्हणजे आधी त्याची परीक्षा, मग बाकीच्यांची. (वचन सांगणाऱ्या, प्रार्थना चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे दोनदा वाचावं.) मग दोन बकरे, त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकायच्या, एकाचा बळी द्यायचा आणि दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक अहरोनाने दोन्ही हात ठेवून इस्राएलाची सगळी दुष्कर्मं, सगळे अपराध, सगळी पापं मोठ्याने कबूल करायची आणि मग ठरवलेल्या माणसाच्या हाती त्याला रानात सोडून द्यायचं. कबुली पूर्ण आहे, काहीच लपवलेलं नाही. पण एकदा तो बकरा गेला की गेला. रानात जाऊन त्याला शोधून परत छावणीत आणा असं कोणालाच सांगितलेलं नाही. आणि आपण रात्री अंथरुणावर पडल्यावर नेमकं हेच करत असतो, ज्याची कबुली देऊन झालीय, ज्याची क्षमा झालीय ते पाप पुन्हा ओढून आणायचं आणि त्याच्याकडे बघत जागं राहायचं, आणि त्यालाच आपण नम्रता समजतो.

नहेम्या 8 मध्ये हाच सातवा महिना आहे, पण तिथे क्रम वेगळाच दिसतो. 1 तारखेला लोक पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले, शास्त्री एज्राने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं आणि ऐकता ऐकता लोक रडायला लागले. खरं पश्चात्तापाचं रडणं होतं ते. कुठलाही प्रचारक असता तर म्हणाला असता, वा, आत्मा काम करतोय, आता थांबू नका. पण अधिकारी नहेम्या, एज्रा आणि लेवी लोकांना शांत करत फिरले, आज पवित्र दिवस आहे, रडू नका, जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्याकडे काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा, परमेश्वराचा आनंद हेच तुमचं बळ आहे. मग त्यांनी मांडव घातले, आठ दिवस सण केला. आणि त्याच महिन्याच्या 24 तारखेला ते पुन्हा जमले, उपास करून, गोणपाट नेसून, अंगावर माती घेऊन, आणि दिवसाचा एक चतुर्थांश वेळ वाचन आणि एक चतुर्थांश वेळ पापांचा अंगीकार असं केलं. म्हणजे त्यांचं रडणं कोणी दाबून टाकलं नव्हतं, त्याला वेळ मिळालाच. पण आधी त्यांना देवाच्या घरचं जेवायला घातलं गेलं. मला वाटतं भरल्या पोटाने केलेली ती नहेम्या 9 मधली कबुली इतकी लांब आणि इतकी प्रामाणिक निघाली त्याचं कारण हेच असावं, आपण कोणाशी बोलतोय हे त्यांना तेव्हा नीट माहीत झालं होतं.

वल्हांडणाबद्दल, म्हणजे मिसर देशातून झालेल्या सुटकेच्या सणाबद्दल, लिहायचं तर खूप आहे, मी फक्त खमिराबद्दल, म्हणजे पीठ फुगवणाऱ्या आंबवणाबद्दल, लिहिते. निर्गम 12 प्रमाणे सात दिवस घरात खमीर दिसता कामा नये. यहुदी घरांमध्ये हे आजही पाळतात, वल्हांडणाच्या आधी दिवसचे दिवस साफसफाई चालते आणि आदल्या रात्री दिवा घेऊन कोपरान् कोपरा शोधतात. मेणबत्तीच्या उजेडात फटी बघायच्या, पिसाने कण गोळा करायचे, लाकडी चमच्यात घ्यायचे आणि सकाळी जाळून टाकायचे. दिव्याने शोधायचा नियम फार जुना आहे, इ.स. 200 च्या सुमारास लिहून काढलेल्या मिश्नामध्ये, म्हणजे यहुदी नियमांच्या संग्रहामध्ये, पण तो आहे. पण मला जास्त आवडला तो त्याच्या लगेच पुढचा नियम. शोधून झालेल्या जागेत एखादा प्राणी दुसरीकडून खमीर ओढून घेऊन आला असेल का, अशी शंका घेत बसू नका, कारण तसं धरलं तर मग एका घरातून दुसऱ्या घरात आणलं असेल, एका अंगणातून दुसऱ्या अंगणात, एका गावातून दुसऱ्या गावात, आणि या गोष्टीला अंतच नाही. किती शहाणपणाचं आहे हे! आणि शोध झाल्यावर घरमालक मोठ्याने म्हणतो की माझ्या घरात जे काही खमीर असेल, जे मला दिसलं नाही, सापडलं नाही, ते जमिनीच्या धुळीसारखं मोलहीन होवो. आता स्तोत्र 19:12 वाचा. दावीद तिथे विचारतो, आपल्या चुका कोणाला कळतात? आणि लगेच म्हणतो, मला न दिसणाऱ्या दोषांपासून मला शुद्ध कर. शोध मन लावून करायचा, दिवा घेऊन करायचा, पण शोधाला शेवट असतो आणि जे सापडलं नाही ते देवाच्या हातात द्यायचं असतं. ज्यांचा स्वभाव फार हळवा आहे, ज्यांना एक पाप कबूल केलं की त्याच्यामागे अजून दहा दिसतात, त्यांना मला हे अगदी हात धरून सांगावंसं वाटतं.

आणि त्या मिसर देशातल्या रात्री दारावर काय होतं? कोकऱ्याचं रक्त. देव म्हणाला, मी ते रक्त पाहीन आणि तुम्हाला ओलांडून जाईन. आतल्या माणसांचं मन त्या रात्री किती साफ होतं, विश्वास किती पक्का होता, कोण शांत होतं आणि कोण थरथरत होतं, याची नोंद कुठेच नाही. पौल पण 1 करिंथ 5 मध्ये असंच मांडतो, जुनं खमीर काढून टाका कारण तुम्ही बेखमीर आहातच, कारण आपला वल्हांडणाचा कोकरा ख्रिस्त याचं अर्पण झालेलं आहे, म्हणून चला, सण पाळू या. घर साफ झालं म्हणून कोकरा मिळाला असं तो म्हणत नाही. कोकरा दिला गेलाय, म्हणून आता घर झाडायचं.

पण या सगळ्यात माझ्या मनात सगळ्यात जास्त घर केलं ते 2 इतिहास 29 आणि 30 ने. हिज्कीया 25 वर्षांचा असताना यहूदाच्या राज्याचा राजा झाला. त्याच्या बापाने, आहाजाने, परमेश्वराच्या मंदिराची दारं बंद करून टाकली होती. हिज्कीयाने पहिल्याच वर्षी पहिल्याच महिन्यात ती उघडली आणि लेवींना कामाला लावलं. त्यांनी 1 तारखेला सुरुवात केली, आतली घाण काढून किद्रोनच्या नाल्यात नेऊन टाकली, 8 तारखेला देवडीपर्यंत आले आणि 16 तारखेला काम संपलं. वल्हांडण होता 14 तारखेला. म्हणजे दोन दिवसांनी चुकला. इतकी वर्षं बंद असलेलं मंदिर उघडलं आणि नेमकी तारीख हुकली, आणि शिवाय पुरेसे याजक पण शुद्ध झालेले नव्हते, लोक पण जमलेले नव्हते.

आपण काय म्हटलं असतं? चला, पुढच्या वर्षी बघू, तोपर्यंत नीट तयारी करू. हिज्कीयाने दुसऱ्या महिन्यात वल्हांडण करायचं ठरवलं. हे त्याने मनानेच काढलं असं नाही. गणना 9 मध्ये काही माणसं प्रेताला शिवल्यामुळे अशुद्ध झाली होती, ती मोशेकडे आली आणि म्हणाली, आम्हाला का म्हणून मागे ठेवता? हा प्रश्न मला फार आवडतो. ती माणसं घरी बसून राहिली नाहीत, अशुद्ध आहोत हे मान्य करूनही ती विचारायला आली. आणि मोशेने देवाला विचारलं तेव्हा देवाने त्यांच्यासाठी दुसरी तारीखच काढून दिली, दुसऱ्या महिन्याची 14. आणि त्याच ठिकाणी देव हेही सांगतो की जो शुद्ध आहे, प्रवासात नाही आणि तरी वल्हांडण टाळतो, त्याला लोकांतून काढून टाकलं जाईल. म्हणजे न घेणं ही सेफ बाजू आहे असं जे आपल्याला वाटतं ते मला वचनात सापडत नाही.

तर हिज्कीयाने बैर-शेबापासून दानपर्यंत निरोपे पाठवले. बऱ्याच ठिकाणी लोकांनी त्यांची थट्टा केली, हसले. पण आशेर, मनश्शे, जबुलून इथले काही जण नम्र होऊन यरुशलेमला आले. आता हे लोक म्हणजे उत्तरेच्या इस्राएल राज्याचे, त्यांच्या इथे पिढ्यान् पिढ्या वासरांच्या मूर्तींची पूजा चाललेली, विधी कसा करतात हे त्यांना कुठून माहीत असणार. त्यातल्या बहुतेकांनी स्वतःला शुद्ध केलंच नव्हतं आणि तरी वल्हांडण खाल्ला, शास्त्रात लिहिलंय त्याच्या विरुद्ध. शास्त्र स्पष्टपणे सांगतं की चुकीचं होतं. आणि हिज्कीयाने त्यांना मेजावरून उठवलं नाही. तो त्यांच्यासाठी प्रार्थनेला उभा राहिला. त्याची प्रार्थना साधारण अशी, परमेश्वर चांगला आहे, जो कोणी आपल्या पूर्वजांच्या देवाला शोधायला मन लावतो त्या प्रत्येकाला तो क्षमा करो, पवित्रस्थानाच्या शुद्धीप्रमाणे तो शुद्ध नसला तरीसुद्धा. आणि पुढचं वचन इतकं छोटं आहे की वाचताना निसटून जातं, परमेश्वराने हिज्कीयाचं ऐकलं आणि लोकांना बरं केलं. करिंथमध्ये मेजापाशी लोक आजारी पडले आणि यरुशलेममध्ये मेजापाशी लोक बरे झाले. मी ही दोन वचनं एकाशेजारी एक लिहून ठेवलीयेत. करिंथच्या लोकांना विधी नीट माहीत होता पण भावाची पर्वा नव्हती. उत्तरेच्या लोकांना विधी धड माहीत नव्हता, पण ते हसणाऱ्यांच्या मधून वाट काढत देवाला शोधत आले होते. सात दिवस झाल्यावर लोकांचं मन भरेना म्हणून अजून सात दिवस सण वाढवला, आणि शलमोनाच्या काळापासून यरुशलेममध्ये असं काही झालं नव्हतं असं लिहिलंय.

मंडळीत पुढारी म्हणून जे आहेत त्यांनी हिज्कीयाकडून ही एक गोष्ट घ्यावीच. कोण पात्र, कोण अपात्र याच्यावर आपण कुजबुज करतो, त्याच्या घरी असं चाललंय, तिने तसं केलं, आणि प्रार्थनेत मात्र त्यांचं नाव येत नाही. राजा असून हिज्कीयाने त्यांचा न्याय केला नाही, मध्यस्थी केली.

शेवटच्या रात्रीच्या भोजनातही आत्मपरीक्षण आहेच. येशू म्हणाला तुमच्यातला एक जण मला धरून देईल, आणि मत्तयात लिहिलंय की सगळे फार खिन्न झाले आणि एकेक जण विचारू लागला, प्रभुजी, मी आहे का तो? कोणी यहूदाकडे बोट दाखवलं नाही. प्रत्येकाला स्वतःचीच भीती वाटली. याच्यापेक्षा खरं आत्मपरीक्षण काय असणार! पण लूक 22 मध्ये तीच जागा वाचा, आपल्यातला कोण असेल अशी चर्चा चालू होते आणि पुढच्याच वचनात भांडण काय तर आपल्यातला सगळ्यात मोठा कोण. एवढंच टिकतं आपलं आत्मपरीक्षण. अश्रू वाळायच्या आत पुन्हा तुलना सुरू. आणि येशूला हे सगळं माहीत होतं, पेत्र नाकारणार हे माहीत होतं, सगळे पळून जाणार हे माहीत होतं, तरी तोच म्हणाला होता की दुःख भोगण्याआधी हे वल्हांडणाचं भोजन तुमच्याबरोबर करायची माझी फार इच्छा होती. त्याने पेत्राला भाकर दिली. आणि हेही सांगितलं की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केलीय. पेत्राचं स्वतःचं परीक्षण सपशेल चुकलं होतं, तो म्हणाला होता मी तुमच्याबरोबर तुरुंगातही जाईन, मरेनसुद्धा. तो वाचला तो येशूच्या प्रार्थनेमुळे. त्याच रात्री पाय धुताना येशू त्याला म्हणाला, ज्याचं स्नान झालंय त्याला पाय सोडून काही धुवायची गरज नाही. रोजच्या वाटचालीत पाय मळतात, ते रोज धुवायला लागतात, आणि त्यासाठी पाय पुढे करायला लागतात. पण दर वेळी मी ख्रिस्ताचा आहे की नाही इथपासून सुरुवात करायची नसते.

प्रार्थनेबद्दल थोडं. स्तोत्र 139 च्या शेवटी दावीद म्हणतो, हे देवा, तू माझी झडती घे. दिवा स्वतःच्या हातात न ठेवता तो देवाच्या हातात देतो. याने फार फरक पडतो, कारण मी स्वतः शोधते तेव्हा एक तर मी स्वतःला सोडून देते नाहीतर स्वतःला ठोकत बसते. लूक 18 मधल्या परूश्याने (नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातल्या माणसाने) पण स्वतःबद्दलच प्रार्थना केली ना, आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशमांश, हिशोब एकदम चोख, फक्त देवाने आत बघावं अशी जागाच त्यात नव्हती. जकातदार दूर उभा राहिला, छाती बडवत एकच वाक्य बोलला आणि नीतिमान ठरून घरी गेला.

आणि मूल नसलेली हन्ना. 1 शमुवेल 1. दरवर्षी शिलोला जायचं, यज्ञ व्हायचा, वाटे मिळायचे, सवत पनिन्ना टोचून बोलायची आणि हन्ना रडायची, जेवायची नाही. सणाच्या दिवशी न जेवता बसलेली बाई. आपल्यातल्या कितीतरी जणींना हे माहितीये. मग ती उठते, परमेश्वरापुढे मन मोकळं करते, फक्त ओठ हलतायत, याजक एलीला वाटतं प्यायलीय, ती नम्रपणे सांगते की नाही, मी माझा जीव परमेश्वरापुढे ओतला आहे, आणि एली म्हणतो शांतीने जा. त्यानंतर लिहिलंय, ती गेली, जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. तिने मागितलेला मुलगा, शमुवेल, अजून पोटात पण नव्हता! काहीच बदललं नव्हतं, पनिन्ना तशीच घरात होती. तरी हन्ना पानावर बसली. प्रार्थना खरंच झाली की माणसाला जेवण जातं, असं मला हा भाग वाचताना दर वेळी वाटतं.

आता दुसरी बाजू लिहिली नाही तर हे सगळं स्वस्त होईल. यशया 1 मध्ये देव म्हणतो तुमच्या सणांचा मला वीट आलाय, तुम्ही हात पसरता तेव्हा मी डोळे झाकतो, कारण तुमचे हात रक्ताने भरलेत. आणि मग उपाय सांगतो, अन्याय थांबवा, अनाथाचा न्याय करा, विधवेची बाजू घ्या. ज्याने कोणाचे पैसे बुडवलेत आणि द्यायचा विचारही नाही, जो घरात बायकोवर हात उगारतो आणि रविवारी पुढच्या रांगेत बसतो, ज्याला आपलं पाप माहितीये आणि सोडायचं नाहीये, त्याने ही पोस्ट वाचून स्वतःला धीर देऊ नये. त्याने थांबावं. मत्तय 5 मध्ये येशूने अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवलंय. पण तिथेही बघा, अर्पण तिथेच राहू दे आणि मग येऊन ते अर्पण कर, असंच सांगितलंय. जा आणि ये.

मी स्वतः हे शनिवारी करते, रविवारी सकाळी नाही, कारण सकाळी घाई असते आणि घाईत माणूस एक तर सगळं माफ करतो नाहीतर काहीच नाही. स्तोत्र 139 चा शेवट वाचायचा आणि गप्प बसायचं. जे नाव किंवा जी गोष्ट आठवेल ती गोलगोल न बोलता देवाला तशीच सांगायची, माझ्याकडून काही चुकलं असेल तर, असं नाही, मी तिच्याबद्दल तिच्या पाठीमागे खोटं बोलले, असं. कोणाला फोन करायचा असेल तर तेव्हाच करायचा. समोरच्याने उचलला नाही किंवा माफ केलं नाही तर रोमकरांस 12:18 आहे, तुमच्याकडून होईल तितकं सगळ्यांशी शांतीने राहा, आणि तितकं झालं असेल तर उद्या जाऊन घ्या, त्याच्या उत्तरासाठी मेजापासून लांब राहू नका. आणि खरंच काहीतरी मोठं अडलं असेल, एखादं प्रकरण आधी निस्तरायलाच पाहिजे असं पवित्र आत्मा सांगत असेल, तर ते पाळकसाहेबांना किंवा ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे अशा एखाद्या वडील माणसाला सांगा, एकट्याने ओढत बसू नका, आणि पुढचं प्रभुभोजन कधी आहे ते बघून ती तारीख आजच धरून ठेवा.